दुरुस्त झालेलं गाणं

१

चोरी झाली तेव्हा मी समोसा खात होते. इतकंच नाही, चोरीचा माल डोळ्यांदेखत समोर मांडला जात असताना मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. सांगायला लाज वाटते, पण सांगायला बसलेच आहे तर सगळं सांगते.

अठ्ठ्याण्णव सालचा डिसेंबर. गुडगावात तेव्हा अर्ध्या इमारतींना काचा लागल्या होत्या आणि अर्ध्यांना अजून बांबूच होते. तिथल्या एका नव्या मार्केटच्या तळघरात आधी संगमरवराचं दुकान होतं. ते बंद पडलं आणि तिथे ‘तहखाना’ निघाला. शनिवारी संध्याकाळी कॉलेजातले, नुकते नोकरीला लागलेले असे बँड येऊन तिथे वाजवायचे. नियम एकच, गाणं स्वतःचं किंवा आपल्या मातीतलं पाहिजे. इंग्रजी कॅसेटवरून उचललेलं चालायचं नाही.

बाहेर असं धुकं की रस्त्यावरचे दिवे खांबांशिवाय हवेत उभे होते. ते धुकं जिन्यावरून आमच्या मागोमाग खाली उतरलं होतं. निळा दिवा, जमिनीवर बसलेली साठेक पोरं, कुठेतरी जनरेटरची घरघर. माझं वय बावन्न. मला वाटलं, आपण कुणा दुसऱ्याच्या स्वप्नात चुकून शिरलोय, आणि कुणी हाकलत नाहीये तोवर बसून घ्यावं.

मी सुनेत्रा. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या गेस्ट हाउसात बावीस वर्षं काउंटरवर बसते, खोल्या देते. माणूस सही कशी करतो यावरून तो खरं नाव लिहितोय की नाही, हे मला कळतं. ऑफिसात कुणाची किल्ली, कुणाची फाइल हरवली की सगळे माझ्याकडे येतात. मला त्याचा थोडा गर्व आहे, उगाच नाही कशाला म्हणू.

त्या रात्री मी भाचीसाठी आले होते. कादंबरी, माझ्या धाकट्या भावाची मुलगी, बावीस वर्षांची. तिच्या बँडचं नाव ‘बिजली गुल’. भाऊ शशिकांत आम्हाला गाझियाबादच्या वैशालीहून मारुतीतून घेऊन आला, पण आत यायला तयार नाही. एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, लग्नपत्रिकेतल्या ऱ्हस्वदीर्घावरही लाल पेन फिरवणारा माणूस. मला तो गोंगाट सोसत नाही म्हणाला आणि माकडटोपी घालून, थर्मास मांडीवर ठेवून, वर पार्किंगमध्ये बसला.

त्यानं कादंबरीला नव्या वर्षापर्यंत मुदत दिली होती. तोवर गाण्याचं काही झालं नाही, तर जानेवारीपासून यूपीएससीचा क्लास. आणि त्या रात्री एक कॅसेट कंपनीचा माणूस येणार होता. दिल्लीच्या बँडची एक कॅसेट निघायची होती आणि त्यातली शेवटची जागा तो इथे भरणार होता. एकच गाणं. कादंबरीकडे तसं दाखवण्याजोगं एकच गाणं होतं, कधीच कुठे न म्हटलेलं.

पहिला बँड आला, ‘लाल डोरा’. देविका नावाची लांब वेणीची मुलगी गिटार घेऊन बसली आणि डोळे मिटून गायला लागली. भिंतीवरून हळूहळू सरकणाऱ्या उन्हाच्या एका तुकड्याचं हिंदी गाणं. सूर असा की समोसा हातात राहिला. संपल्यावर मी टाळ्या वाजवल्या, आणि मग कादंबरीकडे वळले. तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

“आत्या,” ती म्हणाली, “हे माझं गाणं आहे.”

२

आम्ही मागच्या खोलीत गेलो. दुकानाच्या न विकलेल्या संगमरवरी लाद्या अजून तिथे भिंतीला टेकून उभ्या होत्या. कादंबरी त्यांतल्या एकीवर कपाळ टेकवून उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तिच्या बँडचा गिटारवाला अनुराग, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांत वाढलेला आपल्यातलाच मुलगा, तावातावानं सांगत होता की ह्यात शोधायचं काय आहे, हे गुरमीतचंच काम. गुरमीत ऑक्टोबरपर्यंत ‘बिजली गुल’मध्ये ड्रम वाजवायचा. भांडून गेला आणि आता ‘लाल डोरा’त आहे. गाण्याची पहिली तालीम त्यानं ऐकली होती.

बाकी गाणं कुणाकडे होतं, असं मी विचारलं. तालमीची एकच कॅसेट निघाली होती आणि ती थॉमसकडे. थॉमस म्हणजे तहखान्याचा साउंडवाला. बँडमधली चार पोरं, गुरमीत आणि थॉमस, यांच्यापलीकडे गाणं गेलंच नव्हतं.

इतक्यात अनुराग बाहेर डोकावून आला आणि त्याचा आवाज पडला. कंपनीच्या माणसानं देविकाला बोलावून घेतलं होतं. त्याला हेच गाणं हवं होतं. अजून कागद झाला नव्हता, सगळे बँड ऐकून शेवटी सही घेणार होता. पण गाणं ठरल्यातच जमा होतं. कादंबरीनं आता तेच गाणं म्हटलं असतं, तर साठ माणसांच्या देखत चोर तीच ठरली असती.

घड्याळात साडेसात वाजले होते. ‘बिजली गुल’ नऊला.

मी पदर खोचला आणि देविकाला शोधायला निघाले.

३

ती चहाच्या टेबलापाशी होती. गिटारच्या केसवर बसून गरम पाणी पीत होती. गोड पोरगी, मला पाहून उठून उभी राहिली. चोर सहसा उठून उभे राहत नाहीत, एवढं मी काउंटरवर शिकलेय. केसच्या खिशातून तिचा गुलाबी बसपास डोकावत होता. मला कार्ड दिसलं की वाचायची सवय. वैशाली ते केंद्रीय सचिवालय, चार्टर्ड बस, महिन्याचा पास.

मी हिंदीत विचारलं, बेटा, गाणं फार सुंदर, कुणाचं? ती सहज म्हणाली की लोकगीत आहे, जुनं, मराठी लोकांचं. शिकवलं कुणी, विचारल्यावर मात्र तिनं ओठ मिटले.

“आंटी, जिन्होंने सिखाया, उन्होंने नाम लेने से मना किया है. मैंने वादा किया है.”

पुढे दहा प्रश्न विचारले, पण ती ढिम्म हलली नाही. मला खोटं बोलणारी माणसं सोपी जातात. वचन पाळणारी फार अवघड.

मग गुरमीत. तो मला बघूनच उखडला. भांडलो ते भांडलो, म्हणाला, पण कादंबरीचं गाणं उचलून दुसऱ्याला देण्याइतका मी नीच नाही. देविकानं तीन दिवसांपूर्वी हे गाणं आणलं तेव्हा त्याला ओळखीचं वाटलं होतं. त्यानं विचारलंही. लोकगीत म्हटल्यावर त्याला वाटलं, कादंबरीनंच ते जुनं गाणं उचललं असणार. आणि खरं सांगायचं तर, तो मान खाली घालून म्हणाला, त्याला त्याचा आनंद झाला होता. ही शेवटची कबुली मला पटली. स्वतःविरुद्ध बोलणारा माणूस बहुतेक खरं बोलत असतो.

थॉमस त्याच्या बटनांच्या फळीमागे होता. कॅसेट त्यानं लगेच ड्रॉवरमधून काढून दाखवली, कुणाला ऐकवलीही नाही म्हणाला. जाता जाता एक गोष्ट बोलला. तालमीत शेवटचं कडवं होतं, संध्याकाळ होते आणि ऊन छतावर पोचतं ते. देविकानं ते म्हटलं नाही. इतकं चांगलं कडवं कुणी सोडतं का?

मी कादंबरीला विचारलं. ते कडवं तिनं गेल्याच आठवड्यात, इथेच तालमीच्या मध्यात बसून लिहिलं होतं. त्याआधी दोन-तीन महिने नुसतीच दोन कडवी गुणगुणत होती. कुठे गुणगुणत होतीस, असं विचारणार तेवढ्यात जनरेटर बंद पडला आणि सगळं काळोखात बुडालं.

४

त्या अंधारात कुणी ओरडलं नाही. दिल्लीच्या पोरांना वीज जायची सवय. कुणीतरी मेणबत्ती लावली, कुणी हलकेच टेबलावर ठेका धरला. कादंबरी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली आणि स्वतःशीच, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, आपलं गाणं म्हणायला लागली. जणू शेवटचं म्हणून घेत होती.

“दीवार पे एक कडवसा, चल रहा धीरे-धीरे…”

मी ऐकत होते. झोप लागते तसं काहीतरी वाटत होतं. आणि मग माझे डोळे खाडकन उघडले.

“काय म्हणालीस?”

“काय?”

“भिंतीवर काय चालतंय?”

“कडवसा. ते ऊन नाही का येत, आत्या, फटीतून. आपण लहानपणी म्हणायचो ना.”

आपण नाही म्हणायचो. ती म्हणायची. चार वर्षांची असताना क्वार्टरच्या भिंतीवर दुपारी उन्हाचा तुकडा यायचा, त्याच्यामागे ही पळत जायची आणि त्याला कडवसा म्हणायची. मराठी शब्द कवडसा. पण दिल्लीतल्या पोरीला तो शब्द घराबाहेर ऐकू येणार कुठून? अक्षरं उलटी झाली ती तशीच राहिली. तिच्या बँडच्या हिंदी पोरांना वाटायचं ती ‘कड़वा-सा’ म्हणतेय, भिंतीवर काहीतरी कडू, वा, काय कल्पना आहे. हे तीच मला हसत सांगायला लागली, आणि मध्येच थांबली, कारण मी हसत नव्हते.

देविका कवडसा म्हणाली होती. स्वच्छ, शुद्ध, कवडसा. आणि माझ्या कानाला ते खटकलं नाही, कारण बरोबर शब्द कधी खटकत नाही. त्यामुळेच मी खुशाल टाळ्या वाजवत बसले.

५

दिवे आले तोवर माझं गणित सुटत आलं होतं.

गाणं गुरमीतनं दिलं असतं, तर देविका ‘कड़वा-सा’ म्हणाली असती. थॉमसच्या कॅसेटवरून गेलं असतं, तरी तेच, आणि वर शेवटचं कडवंही गेलं असतं. गाणं चोरताना माणूस चुकाही सोबत घेऊन जातो. इथे चूक वाटेत कुणीतरी काढून टाकली होती. ज्यानं काढली त्याला मराठी नुसती येत नव्हती, त्याला चुकीचा शब्द तोंडातून काढवतच नव्हता. त्यानं मुद्दाम सुधारला असेल असंही नाही. जिभेवर आपोआप सरळ झाला असेल.

मराठी म्हणाल तर बँडमध्ये अनुराग होता. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, कवडसा म्हणजे काय रे? त्यानं खूप विचार केला. मालवणकडचा मासा ना, म्हणाला. त्याला मी मनातून निर्दोष सोडलं आणि त्याच्या आईची मला कीव आली.

राहिले कोण? शब्द मला माहीत होता. मी शशीच्या वरच्या मजल्यावर राहते, बाथरूमच्या खिडकीतून कादंबरीची गुणगुण मला रोज ऐकू येते, पण नळाच्या आवाजात ना शब्द कळत ना सूर. म्हणजे कादंबरी हे गाणं गुणगुणत होती ती घरी. शेवटचं कडवं मात्र, तिला विचारलं तर, तिनं घरी कधी म्हटलंच नव्हतं. देविकाचं गाणं नेमकं तेवढंच होतं, जेवढं आमच्या घराला माहीत होतं.

मी पुन्हा देविकाकडे गेले. नाव विचारलं नाही. एवढंच विचारलं की हे लोकगीत कुठल्या गावाकडचं.

“बुरहानपुर साइड का,” ती म्हणाली.

बऱ्हाणपूर, हिंदी-मराठी मिसळलेलं गाव, माझ्या आईचं माहेर. अख्ख्या दिल्लीत ते गाव चटकन जिभेवर येईल अशी दोन माणसं होती. एक मी. दुसरा वर पार्किंगमध्ये थर्मास घेऊन बसला होता, आणि रोज सकाळी वैशालीहून केंद्रीय सचिवालयाच्या चार्टर्डनं ऑफिसला जात होता.

६

धुक्यात गाडी सापडायलाच पाच मिनिटं लागली. शशी रेडिओवर बातम्या ऐकत होता. मी शेजारी बसले, दार लावलं.

“शशी, कवडसा म्हणजे काय रे?”

“फटीतून किंवा भोकातून आत पडलेला उन्हाचा तुकडा,” तो लगेच म्हणाला, परीक्षेत म्हणतात तसं. “का गं?”

“चार्टर्डमध्ये कुणाला शिकवलास?”

त्यानं रेडिओ बंद केला. बराच वेळ काचेवरचं बाष्प पुसत राहिला, बाहेर बघण्यासारखं काही नसतानाही. मग हळूहळू सांगायला लागला.

घरी रोज कानावर पडून गाणं त्याच्या तोंडात बसलं होतं. ज्यांनी दिल्लीची चार्टर्ड पाहिली नाही त्यांना सांगते, ती भाड्याची बस, पण ठरलेली माणसं, ठरलेल्या सीट, वर्षानुवर्षं तेच शेजारी. पत्ते, भजनं, लग्नं जुळवणं, सगळं त्यात चालतं. शशी एका सकाळी गुणगुणत होता. मागच्या सीटवर नवी मुलगी होती, तिनं विचारलं, अंकल, किती सुंदर, कुणाचं गाणं? आणि शेजारी खुराना साहेब बसले होते, शशीचे वरिष्ठ. त्यांना शशी दोन वर्षं सांगत आला होता की मुलगी यूपीएससीची तयारी करतेय.

“मी म्हणालो, जुनं आहे, आमच्या आजोळचं.” त्याचा आवाज बारीक झाला. “तोंडातून निघून गेलं, ताई. मग ती म्हणाली, शिकवाल का, आमच्या प्रोग्रामला म्हणेन. मला वाटलं ऑफिसचा काहीतरी कार्यक्रम असेल. चार दिवस शिकवलं, वैशाली ते आयटीओचा चौक. नाव सांगू नकोस म्हटलं. मला फार आनंद झाला गं ते चार दिवस.”

मी त्याला खाली काय झालं ते सांगितलं. तो ऐकता ऐकता लहान होत गेला. मला त्याची दया यायला हवी होती. मला राग आला, आणि मी तो गिळला नाही.

“दुसऱ्याच्या मुलीला चार दिवस शिकवलंस. आपल्या मुलीला एकदा तरी म्हणालास, म्हण बघू?”

तो म्हणाला की त्याला आज आत यायचं होतं. तिकीटसुद्धा काढलं होतं, खिशात आहे. पण एकदा आत जाऊन तिला ऐकलं असतं तर सोमवारी चार्टर्डमध्ये खोटं बोलता आलं नसतं. म्हणून बसून राहिला.

“चल खाली,” मी म्हणाले.

“मला लाज वाटते.”

“वाटू दे. पायांना काही होत नाही लाजेनं.”

७

आम्ही जिना उतरलो तेव्हा ‘बिजली गुल’ची तीन गाणी होऊन गेली होती. पोरं कंटाळली होती. कादंबरी माइकपाशी उभी राहून सांगत होती की आमच्याकडे एवढंच आहे, थँक यू. कंपनीचा माणूस कोट घालत होता.

शशी माकडटोपीसकट सरळ पुढे गेला. त्यानं माइक हातात घेतला आणि आधी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, मग हुद्दा. मागे कुणीतरी खुदकन हसलं. तो थांबला नाही.

“आज यहाँ जो पुराना गाना गाया गया, वह पुराना नहीं है. मेरी बेटी का बनाया हुआ है. मैंने उस बच्ची को झूठ बताया था, क्योंकि मुझे बस में यह कहने में शर्म आती थी कि मेरी बेटी गाती है.”

देविका भिंतीपाशी उभी होती. “अंकल?” एवढंच म्हणाली, आणि तिला सगळं कळलं. तिनं रडतच कंपनीच्या माणसाला सांगितलं की गाणं हिचं आहे, मी सोडलं. त्या पोरीचा काडीचा दोष नव्हता, आणि सगळ्यांत मोठं मन तिनंच दाखवलं. मी तिला जवळ घेतलं.

कादंबरी बापाकडे बघत होती. मला वाटलं, आता ही उतरून निघून जाणार. मग तिनं त्याच्या हातातून माइक काढून घेतला, अनुरागकडे बघून मान हलवली आणि गायला लागली.

तहखान्यात धुकं होतं की सिगारेटचा धूर, देव जाणे. निळ्या उजेडात सगळे बसल्या जागी तरंगत होते. ती स्वतःचाच शब्द म्हणाली, चुकीचा, आणि मी शशीकडे पाहिलं. तो दुरुस्त करायला त्याचे ओठ हलले नाहीत. शेवटच्या कडव्यात ऊन छतावर पोचलं, ‘मैं नीचे रह गई’ म्हणून गाणं संपलं, आणि हे कडवं घरात कुणीच ऐकलं नव्हतं म्हणून शशी खाली मान घालून माझ्याआधी रडला. कंपनीच्या माणसानं कोट काढून पुन्हा खुर्चीवर ठेवला. कागदावर सही कादंबरीची झाली.

गाडीत ती मागे बसली. गाणं परत मिळालं होतं, पण तिच्या मनाला काय लागलं होतं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. सराय काले खांजवळ ती एकदम म्हणाली, “सोमवारी खुराना साहेबांना काय सांगणार?”

शशीनं गाडी हळू केली. “सांगेन. यूपीएससी वगैरे काही नाही म्हणून.”

“मग काय आहे?”

“माझी मुलगी गाते.”

“नीट ऐकू नाही आलं, बाबा.”

त्यानं पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, बसमध्ये केवढा आवाज असतो, अजून मोठ्यानं. निजामुद्दीनचा पूल ओलांडेपर्यंत तिनं त्याला पाच वेळा म्हणायला लावलं. खाली यमुना होती, पण धुक्यात पाणी कुठे आणि हवा कुठे ते कळत नव्हतं. मला त्यात काही काम नव्हतं.

सहाव्या वेळी तिनं सांगितलं नव्हतं. तो आपणहून म्हणाला.